जुना एमएस-२० घ्यावा की नवा मिनी? कोल्हापुरातल्या एका नाटकासाठी केलेली निवड

पार्श्वभूमी

कोल्हापुरात कीबोर्ड, अँप्लिफायर आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरे दुरुस्त करायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. ऑर्केस्ट्रावाले, बँजो पार्टीवाले, भजनी मंडळं, मधूनच एखादा रेकॉर्डिंग स्टुडिओ असं गिऱ्हाईक असतं. अॅनालॉग सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या सर्किटांतून आवाज घडवणारं वाद्य, मात्र माझ्या टेबलावर वर्षाकाठी एखादाच येतो. म्हणून हे प्रकरण मी तारीखवार वहीत लिहून ठेवलं होतं, त्यावरूनच इथे मांडतो. नावं कुणाचीच देत नाही. एकाला संयोजक म्हणतो, दुसऱ्यांना काका.

संयोजकांचा राजारामपुरीत एका खोलीचा स्टुडिओ आहे. भक्तिगीतं आणि जाहिराती ही त्यांची पोटापाण्याची कामं, जीव मात्र नाटकात. त्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावर उतरणाऱ्या एका हौशी संस्थेनं पार्श्वसंगीत त्यांच्याकडे सोपवलं. नाटक धरणात गेलेल्या गावाचं. राधानगरी आणि काळम्मावाडीच्या जिल्ह्यात पाण्याखाली गेलेल्या शेतांच्या आठवणी सांगणारी माणसं अजून भेटतात, त्यामुळे प्रेक्षक या विषयात सहज शिरणार हे माहीत होतं. दिग्दर्शकाची मागणी एका वाक्यात मावणारी होती: "हलगी वाजता वाजता पाणी झाली पाहिजे."

म्हणजे जत्रा चालू आहे, हलगी कडकडते आहे, आणि तोच कडकडाट हळूहळू लोंढ्याचा आवाज होतो. ध्वनिमुद्रित तुकडा लावून हे होईना. खासबागेत कुस्त्यांना हलगी वाजवणारा एक तरुण नाटकात प्रत्यक्ष वाजवणार होता आणि त्याची लय रोज वेगळी पडायची. त्याच्या हाताबरोबर चालेल असं काहीतरी हवं होतं.

संयोजकांच्या डोक्यात कोर्ग या जपानी कंपनीचा एमएस-२० हा सिंथेसायझर आला तो यामुळेच. या यंत्रात बाहेरचा आवाज आत घ्यायची सोय आहे. मायक्रोफोनवरून आलेला ठोका आत गेला की त्याच्या जोराप्रमाणे एक व्होल्टेज तयार होतं, शिवाय प्रत्येक ठोक्याला एक ट्रिगर, म्हणजे आवाज सुरू करायचा इशारा, सुटतो. हे व्होल्टेज पॅच कॉर्डनं (यंत्राचे भाग एकमेकांना जोडायच्या वायरीनं) फिल्टरला, म्हणजे आवाजाचा उजळपणा कमी-जास्त करणाऱ्या भागाला, जोडलं की हलगीच्या प्रत्येक थापेला फिल्टर उघडतो आणि मिटतो. फिल्टरच्या मागे नॉइज, म्हणजे सूर नसलेला सरसर आवाज, लावला तर थाप पडताच पाणी उसळल्यासारखं वाटतं. नॉइज जनरेटर यंत्रातच आहे, दोन सूर मिसळून घंटेसारखा आवाज काढणारा रिंग मॉड्युलेटरही आहे. एका वेळी एकच सूर वाजतो, कळा ३७. कळ हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच येतो.

हे यंत्र पहिल्यांदा बाजारात आलं १९७८ साली. २०१३ साली कोर्गनं त्याची छोटी आवृत्ती काढली, एमएस-२० मिनी. मूळ आकाराच्या ८६ टक्के.

नेमकी अडचण

इचलकरंजीत एका निवृत्त ऑर्केस्ट्रा वादकाकडे मूळ एमएस-२० आहे, अशी बातमी संयोजकांना लागली. हेच ते काका. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या एका वादकाकडून त्यांनी तो घेतला होता, आणि गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांत विमानाच्या नि वादळाच्या आवाजासाठी वापरला होता. मागणी दीड लाखाची, बोलाचालीनंतर एक लाख वीस हजार. नवा मिनी विक्रेत्याकडून पंचावन्न हजारांच्या आसपास पडत होता. संयोजकांच्या हातात भिशीचे सत्तर हजार होते, स्पर्धेला पाच आठवडे.

पैशाचा हिशेब सरळ मिनीकडे झुकत होता. तरीही ते जुन्याकडेच ओढले जात होते, आणि त्यामागचं कारण मला पोरकट वाटलं नाही. सुरुवातीच्या एमएस-२० मध्ये फिल्टरसाठी कोर्ग-३५ नावाचा, राळेत बंद केलेला छोटा मोड्युल असे. तो रागीट. पीकचा, म्हणजे फिल्टरची धार वाढवणारा खटका (पॅनेलवरचं फिरवायचं बटण) वर नेला की किंचाळतो, आत जास्त सिग्नल ढकलला की फाटतो. नाटकाला तो फाटका आवाजच हवा होता. गाव बुडताना गुळगुळीत आवाज काय कामाचा?

त्यांनी मला फोन केला. "जुनं मशीन आहे, म्हणजे फिल्टर तोच असणार ना?" मी म्हणालो, "असणार." इथे माझी चूक झाली, आणि पुढचं सगळं त्या एका शब्दावर उभं राहिलं. त्याच संध्याकाळी संयोजक इचलकरंजीला जाऊन दहा हजार रुपये इसार देऊन आले.

समोर असलेले पर्याय

जुनं यंत्र घेणं, नवा मिनी घेणं, किंवा काहीच न घेता संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये भागवणं, अशा तीन वाटा होत्या. तिसरी लवकर बाद झाली. सॉफ्टवेअरचा आवाज वाईट नव्हता. पण संयोजकांच्या जुन्या लॅपटॉपवर हलगीची थाप पडून आवाज बाहेर यायला कळण्याइतका वेळ लागत होता आणि हलगीवाला दोन मिनिटांत वैतागला. "माझ्या मागनं कोणतरी चालतंय असं वाटतंय," तो म्हणाला. लयीच्या माणसानं असं म्हटल्यावर विषय संपला.

मूळ आकारातला, नव्यानं बनवलेला एमएस-२०ही निघाला होता. तो त्या पाच आठवड्यांत हाती येण्यासारखा नव्हता, म्हणून त्याची चर्चा लांबली नाही.

उरल्या दोन वाटा. वहीत मी दोन रकाने केले, पण खरी चर्चा तीन गोष्टींभोवतीच फिरत राहिली.

पहिली विजेची. काकांचं यंत्र जपानच्या घरगुती विजेवरचं, म्हणजे १०० व्होल्टचं. आपल्याकडे २३०. काका ते ज्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवत तो ११० व्होल्टचा होता, कारण बाजारात सहज मिळतो तोच. दहा टक्के जास्त व्होल्टेज खाऊन यंत्र लगेच मरत नाही, पण आतला रेग्युलेटर जास्त तापतो आणि जुने कपॅसिटर लवकर वाळतात. रंगमंचामागे कुणीतरी घाईत ती पिन थेट भिंतीतल्या सॉकेटात खुपसली तर काय होईल, याचा विचार करूनच माझ्या पोटात गोळा आला. मिनी ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो. अडॅप्टर गेला तर दुसरा मिळवता येतो.

दुसरी गोष्ट जोडण्यांची. जुन्याच्या पॅच पॅनेलवर गिटारच्या वायरीला असतात तसे मोठे जॅक, मिनीवर इयरफोनसारखे ३.५ मिलिमीटरचे. मोठ्या जॅकच्या कॉर्ड कोल्हापुरात कुठलाही साउंडवाला अर्ध्या तासात झाळून देईल. बारीक पिनेच्या मोनो कॉर्ड मात्र दुकानात मागितल्या की हातात स्टीरिओ येतात. त्याबदल्यात मिनीला मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना सूर कळवायची सोय, आहे. यूएसबीनं संगणकाला जोडता येतो, बाहेरच्या मोठ्या कीबोर्डवरून वाजवता येतो. फक्त सूर चालू आणि सूर बंद एवढंच मिडीतून जातं, खटक्यांच्या जागा जात नाहीत.

तिसरी गोष्ट कळांची. मिनीच्या कळाही लहान. संयोजकांचा हात पेटीवर बसलेला, आणि बोटं शेजारच्या कळेवर पडत. हे ऐकायला बारीक वाटेल, पण अंधारात वाजवणाऱ्याला यावर खूप काही अवलंबून असतं.

आठवणीच्या बाबतीत दोन्ही सारखेच: आठवण नाहीच. आवाज साठवायचं बटण जुन्यातही नाही, मिनीतही नाही. या मुद्द्याला तेव्हा कुणी फारसं महत्त्व दिलं नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

झाकण उघडलं तेव्हा

इसार दिल्यानंतर चौथ्या दिवशी काका आपल्या मुलाबरोबर यंत्र घेऊन माझ्या दुकानी आले. जुन्या लुगड्यात गुंडाळून आणलं होतं. टेबलावर ठेवल्यावर त्यांनी आधी त्यावरून हात फिरवला, मग मला म्हणाले, "वाजवून बघा. उघडायचं काही कारण नाही."

मी विचारलं, "काका, वीज किती व्होल्टची देताय हे बघायला तरी उघडू द्या."

ते गप्प बसले. मुलगा म्हणाला, "उघडू देत की बाबा." चाळीस वर्षं सांभाळलेली वस्तू परक्या माणसानं स्क्रू काढून उघडावी, यात त्यांना आपल्या शब्दावरचा अविश्वास दिसत होता. मी चहा मागवला आणि पंधरा मिनिटं फक्त त्यांच्या कार्यक्रमांबद्दल विचारत बसलो. वेळ काढावा म्हणून नव्हे. यंत्र कसं वापरलं गेलं, किती पावसाळे कुठे काढले, हे त्यांच्या तोंडूनच कळणार होतं. पावसाळ्यात ते कपाटात ठेवून आत चाळीस वॅटचा दिवा जळता ठेवत. ऐकून मला आनंद झाला, कारण सादळ हीच आपल्याकडे जॅकची आणि पोटेन्शिओमीटरची (खटक्यांच्या आतल्या भागाची) खरी वैरीण. शेवटी तेच म्हणाले, "उघडा. पण माझ्यासमोर."

उघडलं. वीजपुरवठ्याच्या पट्टीवरचे दोन मोठे कपॅसिटर फुगलेले, अर्धा डझन खटके खरखरणारे, एक जॅक तुटलेला, दोन कळा मुक्या. हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते फिल्टरच्या जागी. तिथे कोर्ग-३५ नव्हता. एक वेगळी छोटी पट्टी होती, आणि तिच्यावर एलएम१३६०० या क्रमांकाच्या चिप.

एमएस-२० चं उत्पादन चालू असतानाच कोर्गनं फिल्टर बदलला होता. नंतरच्या यंत्रांत कोर्ग-३५ च्या जागी या चिपवर आधारलेलं सर्किट आलं. त्याची सरसर कमी, स्वभाव शांत. काकांचं यंत्र अस्सल होतं, त्यात काही फेरफार झालेला नव्हता. फक्त ते नंतरच्या घडणीचं होतं. आणि २०१३ चा मिनी बनवताना, फुमिओ मिएदा यांच्यासारखे मूळ यंत्राचे अभियंते सोबत असताना, कोर्गनं घेतला तो सुरुवातीचाच रागीट फिल्टर.

म्हणजे संयोजक ज्या जुन्या आवाजासाठी कर्ज काढायला निघाले होते, तो आवाज नव्या यंत्रात होता. मी फोनवर जे "असणार" म्हणालो, ते वय बघून म्हणालो होतो. वयावरून आवृत्ती ठरत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. रेडिओ दुरुस्त करताना मी एकाच मॉडेलची तीन वेगळी सर्किटं पाहिलेली आहेत.

संयोजकांना मी काकांसमोरच सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. काकांचा जास्त उतरला. "मी ओरिजिनल म्हणालो होतो, ते खोटं आहे का?" त्यांनी विचारलं. खोटं नव्हतं. फिल्टरबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं नसतं.

डोळे मिटून ऐकणं

इथे निर्णय झाल्यासारखा वाटत होता. पण संयोजक म्हणाले, "कागदावर रागीट म्हणजे कानाला रागीट असतंच असं नाही. दोन्ही शेजारी ठेवून ऐकू." हे त्यांचं म्हणणं मला फार आवडलं. बेळगावच्या एका विद्यार्थ्याकडे मिनी होता, त्यानं तो शनिवार-रविवारसाठी दिला. काकांच्या यंत्रात मी कामापुरते दोन कपॅसिटर बदलले आणि १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर उद्यमनगरातून गुंडाळून घेतला.

पहिली फेरी आम्ही वाया घालवली. मिनीची पातळी जरा वर राहिली होती, आणि सगळ्यांनी एकमुखानं मिनी निवडला. मोठा आवाज कानाला नेहमीच बरा वाटतो, म्हणून ती फेरी मी मोजली नाही. मग दोन्हींची पातळी मीटरवर एकसारखी करून, एका रेकॉर्डरवर घेऊन, कुठला कुणाचा हे न सांगता दिग्दर्शक, संयोजक आणि हलगीवाल्याला ऐकवलं.

हलगीच्या थापेवर उसळणारा नॉइज तिघांनीही मिनीचा उचलला. हलगीवाल्यानं प्रत्येक वेळी अचूक ओळखला. कसं, विचारल्यावर म्हणाला, "ह्यात थाप फुटती. त्यात थाप बसती." मी या दोन फिल्टरांबद्दल बरंच वाचलं आहे, पण इतकं नेमकं कुठे वाचलेलं नाही.

खालच्या सुरातला लांब घोगरा स्वर, ज्यावर नायिकेचं स्वगत चालणार होतं, तिथे मात्र तिघांपैकी दोघांनी काकांचं यंत्र निवडलं. त्याची शांत पार्श्वभूमी माणसाच्या आवाजाखाली बसत होती, मिनीची सरसर संवादात घुसत होती. मींडेसारखा सूर ओढायला पोर्टामेंटो दोन्हींत होता आणि तिथे कुणालाच फरक सांगता आला नाही.

तुतारी जोडून बघायचा मोह संयोजकांना आवरला नाही. यंत्रात बाहेरच्या सुराची कंप्रता ओळखून तिचं व्होल्टेज करायची सोय आहे, म्हणजे तुतारीनं जो सूर लावला त्याच्यामागे सिंथेसायझर चालतो. एकावेळी एकच सूर असेल तर हे बऱ्यापैकी जमतं. हलगीवर जमत नाही, कारण तिथे ठरलेला सूर ऐकूच येत नाही, तिथे फक्त जोर आणि ठोका घ्यायचा. तुतारीचा तो प्रयोग नाटकात गेला नाही. पण ती दहा मिनिटं खोलीतलं कुणी जागचं हललं नाही. काकासुद्धा.

निर्णय

रविवारी संध्याकाळी ठरलं: मिनी घ्यायचा. नाटकाचा कणा हलगी-पाण्याचा प्रसंग होता, आणि तिथे मिनी सरस होता. काकांच्या यंत्राची पूर्ण दुरुस्ती माझ्या अंदाजानं तीन आठवडे आणि अठरा हजार रुपये घेणार होती, आणि स्पर्धेला उरले होते चार आठवडे. रंगमंचावर काही बिघडलं तर मिनीची दुसरी प्रत बेळगावहून दुपारपर्यंत आणता येणार होती. काकांच्या यंत्राची दुसरी प्रत मला आसपास कुठे माहीत नव्हती.

प्रश्न उरला इसाराच्या दहा हजारांचा. रिवाजाप्रमाणे घेणारा मागे हटला तर इसार बुडतो. संयोजकांना तो परत मागायचा नव्हता, काकांना तो ठेवून घ्यायचा नव्हता. दोघंही माझ्याकडे बघत बसले. मी सुचवलं की त्या पैशातून यंत्राची निम्मी दुरुस्ती करू: वीजपुरवठा, मुक्या कळा आणि तुटका जॅक. यंत्राची किंमत वाढेल ती काकांची, आणि त्या बदल्यात स्वगताखालचा तो घोगरा स्वर संयोजकांना काकांच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित करू द्यायचा. हा स्वर कुणाच्या लयीबरोबर चालणारा नव्हता, त्यामुळे मुद्रित चालणार होता. दोघांनी मान्य केलं. माझी मजुरी मी त्यात धरली नाही, कारण फोनवरचा तो "असणार" माझा होता.

प्रयोगापर्यंत

मिनी आला आणि पहिल्या आठवड्यातच आठवण नसण्याचा फटका बसला. नाटकात पाच वेगळे आवाज होते. तालमीत प्रत्येक वेळी खटके नव्यानं लावावे लागत, आणि प्रत्येक वेळी पाणी थोडं वेगळं निघे. मोबाइलवर फोटो काढून ठेवले, पण रंगमंचाच्या बाजूला अंधारात फोटो बघून तीसेक खटके कोण लावणार? एकदा मध्यंतरात सामान हलवताना कुणाचा तरी कोपर लागला आणि दुसऱ्या अंकात पाण्याऐवजी शिट्टी वाजली.

तोडगा संयोजकांच्या पत्नीनं काढला. टिकल्यांची पाकिटं आणली. पहिल्या अंकाच्या जागांना लाल, दुसऱ्याला हिरव्या, आणि जे खटके अजिबात हलवायचे नाहीत त्यांना काळ्या. टिकली चिकटते, निघते, खूण ठेवत नाही, आणि छोट्या टॉर्चच्या उजेडात चमकते. पाचही आवाज मिळून खऱ्या अर्थानं हलवायचे खटके नऊच होते, हेही टिकल्या लावतानाच कळलं.

दुसरी अडचण सुराची. अॅनालॉग ऑसिलेटर, म्हणजे यंत्रात सूर तयार करणारा भाग, तापमानाबरोबर सरकतो. हा गुण जुन्याचा म्हणून ओळखला जातो, पण मिनीही त्यातून सुटलेला नाही. नाटकात पेटी होती, काळी दोनची, आणि पेटीचे सूर तर ठाम. रंगीत तालमीत मी ट्यूनर लावून बसलो. यंत्र चालू केल्यापासून पहिल्या पंचवीस मिनिटांत सूर बराच हलला, नंतर स्थिरावला. मग दिवे पूर्ण पेटले, खोली तापली, आणि दुसऱ्या अंकापर्यंत पुन्हा चौदा सेंट उतरला. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. चौदा सेंट पेटीशेजारी स्पष्ट कळतात. तेव्हापासून यंत्र पडद्याच्या तासभर आधी चालू करायचं आणि दोन अंकांमधल्या अंधारात पेटीचा षड्ज कानात घेऊन ट्यून करायचं, असं ठरलं. पेटीवाला त्यासाठी मंद्र सा हलकेच धरून ठेवायचा. प्रेक्षकांना तो नाटकाचाच भाग वाटला.

स्पर्धेच्या दिवशी हलगी-पाण्याचा प्रसंग साडेतीन मिनिटं चालला. हलगीवाल्यानं लय वाढवत नेली, संयोजकांनी फिल्टरचा कटऑफ (तो किती उघडायचा ते ठरवणारा खटका) सावकाश उघडला, आणि कुठल्या थापेला हलगी संपून पाणी सुरू झालं हे माझ्यासारख्या, सगळ्या तारा स्वतः जोडलेल्या माणसालाही सांगता आलं नाही. माझ्या शेजारच्या बाईंनी पदर तोंडाला लावला होता. संस्थेला त्या वर्षी क्रमांक मिळाला नाही. संयोजकांनी पुढच्या सहा महिन्यांत मिनी आणखी दोन नाटकांत वापरला, आणि लहान कळांची तक्रार मोठा मिडी कीबोर्ड जोडून मिटवली.

काय वेगळं करता आलं असतं

इसाराआधी झाकण उघडायला हवं होतं. मी त्या दिवशी फोनवर "बघितल्याशिवाय सांगत नाही" एवढं म्हणालो असतो, तर काकांना आपल्या शब्दावर शंका घेतली गेल्यासारखं वाटलं नसतं. आता जुन्या यंत्राबद्दल कुणीही विचारलं की मी आधी आतल्या पट्टीचा फोटो मागतो. उघडायला मालक तयार नसेल तर मत देत नाही.

बेळगावचा मिनी आम्ही सौद्यानंतर आणला. तो आधी आणला असता तर सगळ्या चर्चेचा निम्मा वेळ वाचला असता. दोन दिवसांसाठी यंत्र उसनं मिळवणं हे विकत घेण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं, आणि वादक मंडळी देतात. मागायला आपणच लाजतो.

संयोजकांशी माझा एका बाबतीत अजून मतभेद आहे. त्यांच्या मते निर्णय फिल्टरनं केला. मला वाटतं तो चार आठवड्यांच्या मुदतीनं केला. मुदत नसती, आणि काम नाटकाचं नसून स्टुडिओतलं असतं, तर मी त्यांना काकांचंच यंत्र घ्यायला सांगितलं असतं, शांत फिल्टरसकट. स्वगताखालचा तो स्वर मी नंतर मिनीवर बराच शोधला. मिळाला नाही.

आणि त्या यंत्राचं जास्त ध्वनिमुद्रण करायला हवं होतं. दोन दिवस ते माझ्या दुकानात जोडलेलं, तापलेलं, सुरात होतं. आम्ही घेतलं फक्त कामापुरतं. चार महिन्यांनी काकांच्या मुलानं ते पुण्याच्या एका संग्राहकाला विकलं, निम्म्या दुरुस्तीमुळे एक लाख चाळीसला गेलं. काकांनी मला फोन करून विचारलं, "बरोबर काय काय देऊ?" मी १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर द्यायला सांगितला, आणि एक कागद लिहून पाठवला. त्यावर व्होल्टेज, बदललेल्या कपॅसिटरांची यादी आणि फिल्टर कुठला आहे ते, एवढंच होतं. काकांनी तो यंत्राच्या पाठीवर, पिनेशेजारी चिकटवला, आणि खाली आपल्या अक्षरात एक ओळ घातली: पावसाळ्यात कपाटात दिवा लावून ठेवावा.